ताई, तुझा पुस्तकांचा गठ्ठा

दिवेआगर,
पौष

तीर्थस्वरूप ताईस,


गठ्ठा पोचला. आत तुझी चिठ्ठी होती : ‘नुसतं छान आहे म्हणून कळवू नकोस, काय पटलं नि काय नाही ते नीट लिही.’ आता नीटच लिहितो, मग लांबलं म्हणून कुरकुर करायची नाही.

सध्या सुपारी पाडायचे दिवस. सकाळ वाडीत जाते, शनिवार-रविवार पाहुण्यांच्या चहा-पोह्यांत जातो. वाचायला उरते ती दुपार, पडवीतली. त्यामुळे जे पुस्तक जेवल्यावर डोळा लागू देत नाही ते बरं, इथून माझी परीक्षा सुरू होते.

तुला वाटलं असेल मी नवी पुस्तकं आधी उघडीन. हाती घेतलं ते सगळ्यांत जुनं, विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. गोडसे पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं म्हणून 1857 साली काकांना घेऊन उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटलं नि हा भिक्षुक फिरत फिरत झाशीच्या वेढ्यात सापडला.

या माणसाला इतिहास लिहायचाच नव्हता, हेच मला फार आवडलं. त्याला दक्षिणा हवी होती. दक्षिणेसाठी घर सोडलेल्या माणसाचं लक्ष किती बारीक असतं ते यात बघ. कोणी काय दिलं, कुठे उतरलो, कुठलं अनुष्ठान कसं चाललं होतं, राणीचा दिवस कसा जायचा, सगळं त्याच्या डोळ्यांनी टिपून ठेवलेलं. झाशी पडल्यावर लूट होते, तिचाही क्रम तो सांगतो. सोनंनाणं, भांडीकुंडी, कपडालत्ता, एकेक टोळी येते नि आपापला वाटा उचलून जाते. हे लढाईचं वर्णन करणाऱ्याला सुचत नाही, लपून बसलेल्यालाच दिसतं. तिथल्या पुस्तकालयाची नासधूस वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ वाडीत चक्कर मारून आलो.

आणि ती विहीर. काल्पीच्या वाटेवर राणी तहानलेली भेटते. हा पाणी शेंदून द्यायला पुढे होतो. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका शेंदू, म्हणून ती स्वतःच दोर हाती घेते. प्रसंग थोडक्यात उरकलेला. राणीवर पुढे एवढी नाटकं, कादंबऱ्या, सिनेमे झाले, पण तलवार उपसलेल्या राणीपेक्षा मला ही पाणी शेंदणारी खरी वाटते. इतकं सगळं होऊन गोडसे घरी काय घेऊन आले, तर गंगेची कावड. आईवडिलांना स्नान घालायला. पैसा वाटेत लुटला गेला होता.

तू पोतदारांची प्रत पाठवलीस हे उत्तम केलंस. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली हे पुस्तक पहिल्यांदा छापलं त्याबद्दल त्यांचे उपकारच, त्यांनीच तर गोडशांना लिहायला लावलं. पण छापताना त्यांनी त्यावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढलेलं वाचलं की भटजी समोर बसून बोलतो आहे असं वाटतं. संपादकांनी जास्त हुशारी करू नये हे माझं जुनं मत, ते आणखी पक्कं झालं.

दुसरं, कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. 2023 सालचा साहित्य अकादमी मिळाला म्हणून तू पाठवलंस. मला खरं तर पुरस्काराची पुस्तकं नको वाटतात. पहिली वीस पानं जड गेली. पन्हाळ्याकडची बोली, वाक्यं अशी की धाप लागते. मग एकदम पकड बसली ती सुटेना. धरणात गाव गेलेलं, माणसं उठवून दुसरीकडे बसवलेली, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत जातो. ती म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही. माणसाच्या जगातून ती सुटलीय, जंगलाची झालीय. तिला दावं लावायला हा आलाय. बस, एवढंच. पण जनावराच्या अंगाचा वास, त्याचा दम, त्याचं बुजणं लिहिणाऱ्याला आतून ठाऊक आहे. विस्थापनावर मी लेख पुष्कळ वाचले, त्यांत आकडे होते, कळवळा होता. इथे म्हैस आहे. धरणग्रस्ताचं काय होतं हे मला त्या म्हशीने सांगितलं, लेखांनी नाही.

यावरून तुला माझी फूटपट्टी कळली असेल. लिहिणाऱ्याला हाताने करायचं एखादं काम, एखादी वस्तू, एखादा जीव जवळून माहीत आहे का, हे मी बघतो. ते असलं की मग त्याची मतं काही असोत. नसलं तर मतं कितीही थोर असली तरी मला झोप येते.

‘शोध’ मात्र या पट्टीत बसत नाही आणि तरीही मी ते दोन वाजेपर्यंत दिवा लावून वाचलं. ही ओरडली. मुरलीधर खैरनारांनी नाशिककडचे डोंगर, वाटा, किल्ले पायाखाली घातलेले असणार, ते जाणवतं. सुरतेच्या 1670च्या दुसऱ्या लुटीतला हरवलेला खजिना आणि त्याच्या मागे लागलेली आजची माणसं. माहिती इतकी की मधे मधे पात्रं एकमेकांना तास घेतात, तेवढं मी सरळ ओलांडलं. पण मराठीत असं नेटाने रचलेलं थरारक पुस्तक सहसा मिळत नाही, ते वाचताना नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

एक गोष्ट मात्र दिवेआगरात बसून वाचताना खटकली. कादंबरीत सगळी धाव सोनं सापडेपर्यंतची. सापडल्यावर काय, हे कुणी लिहीत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर 1997 मध्ये वाडीत खणताना सोन्याचा गणपती निघाला. कोणी शोधत नव्हतं, हाती नकाशा नव्हता. मग गाड्या आल्या, घरोघरी खोल्या निघाल्या, मोदकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. माझाही संसार त्याच्यावर चालतो, नाकारत नाही. आणि मार्च 2012 मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकरी जिवानिशी गेले. मूर्ती वितळवली होती, हाती लागलं ते नुसतं सोनं. सापडल्यानंतरच्या त्या 14 वर्षांवर कोणी लिहील का? हाती सोनं आल्यावर गावातली माणसं एकमेकांकडे कशी बघायला लागतात, एवढ्यावर पुस्तक होईल. खैरनार असते तर त्यांना पत्र टाकलं असतं.

नारायण धारपांचं ‘लुचाई’ तू मुद्दाम घातलंस, मला चिडवायला. सांगाडा स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चा आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी वाड्याच्या काळोखात तो असा बसलाय की उसनं वाटत नाही. निसर्ग वादळानंतर वीज गेली होती तेव्हा मी मेणबत्तीवर धारपच वाचत होतो, लोक हसले. बाहेर आडवी झालेली वाडी बघण्यापेक्षा पुस्तकातलं भूत बरं वाटायचं. यापेक्षा जास्त समीक्षा मला येत नाही.

‘भुरा’ अर्धं फार चांगलं आहे. शरद बाविस्कर दहावीला इंग्रजीत नापास झाले आणि पुढे जेएनयूत फ्रेंच शिकवायला लागले. धुळ्याकडचं ते गाव, मजुरी, घरातली बाई, हे सगळं असं लिहिलंय की कुठे दयेची याचना नाही. पुढे तत्त्वज्ञांची नावं यायला लागली की मी ढिला पडतो. त्या नावांनी त्यांना बळ दिलं हे पटतं, पण वाचकाला ते उसनं मिळत नाही. तरी मी हे बोर्लीत कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराला दिलंय. दोनदा विचारलं, अजून परत आलेलं नाही, म्हणजे वाचतोय.

नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’बद्दल लिहायला मला हात आखडता घ्यावा लागतोय, कारण पुस्तक मला आवडलं आणि त्रासही झाला. माणसावर पाळत, कंपन्यांची पकड, आपण काय खातो-पितो-बोलतो याचा कुठेतरी ठेवलेला हिशेब. गेल्या आठवड्यात माझ्याकडे राहिलेल्या पाहुण्यांनी फोनवर मला पाचपैकी तीन तारे दिले, कारण आमटी तिखट होती. आता ती आमटी जन्मभर माझ्या नावाला चिकटली. खऱ्यांनी हे आधीच लिहून ठेवलंय म्हटल्यावर हसू येईना. ते शिक्षणाने-धंद्याने इंजिनिअर होते, आणि त्यामुळेच त्यांचं भविष्य धूसर नाही. यंत्रणा कुठे जोडलेली असते, कुठे तिला तेल लागतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून न घडलेल्या गोष्टीलाही माझी पट्टी लागू पडली. या कादंबरीला 2020चा साहित्य अकादमी जाहीर झाला, तो त्यांनी घेतला नाही. आपण पुरस्कार घेणं थांबवलंय एवढंच शांतपणे सांगितलं. पात्रं मात्र पुष्कळदा माणसं न वाटता मुद्दे वाटतात. त्यांचीच ‘अंताजीची बखर’ मला जास्त आवडते, त्यातला अंताजी लबाड आहे, भित्रा आहे, जिवंत आहे.

‘चकवाचांदण’ अजून संपलेलं नाही, संपवायची घाईही नाही. मारुती चितमपल्ली गेले ते गेल्या जूनमध्ये नव्हे का, 18 तारखेला, 2025. बातमी आली तेव्हाच तू म्हणालीस, आता पाठवतेच. वनखात्यातली नोकरी, नवेगावबांध, तिथले माधवराव पाटील डोंगरवार, ज्यांना पुस्तकं न वाचता पाखरं ठाऊक होती. चितमपल्लींचा मोठेपणा असा की ते अशा माणसापुढे शिष्य होऊन बसतात, आणि तसंच पंडितांपुढे बसून संस्कृतही शिकतात. दोन्ही ज्ञानांना एकच आसन. तक्रारही आहे. स्वतः पाहिलेलं कुठे संपलं नि ऐकीव कुठे सुरू झालं हे ते सांगत नाहीत. इथेही जुनी माणसं पाखरांबद्दल असं काही रंगवून सांगतात की मी मान डोलावतो आणि निम्मं सोडून देतो. चितमपल्लींचं वाचताना तसंच करावं लागतं. पण ते सोडून दिलेलं निम्मंही वाचायला गोड आहे.

आता भांडणाचं. ‘पडघवली’. तू दर दोन वर्षांनी वाचतेस नि दर वेळी रडतेस. मी या वेळी तुझ्यासाठी पुन्हा वाचली. अंबूवहिनीच्या तोंडची भाषा, झाडापेडांची नावं, घरातल्या रीतीभाती, यांत गोनीदांना तोड नाही, आजही नाही. पण 1955 साली लिहिलेल्या त्या उजाड होत जाणाऱ्या गावाने आपल्या लोकांना एक सवय लावली. कोकण म्हटलं की हळहळायचं. गाव सोडून गेलेल्याला ती हळहळ परवडते. 3 जून 2020ला इथे वादळ आदळलं, पोफळी काडीसारख्या मोडल्या. पोफळ लावली की फळाला यायला सहा-सात वर्षं. आम्ही रोपं लावली, शिंपली, काही मेली, पुन्हा लावली. लावलेल्यांतली काही यंदा पहिल्यांदा धरलीयत. या सहा वर्षांत कोणी कोणाकडून रोपं आणली, कोणी वाडी विकली नि कोणाला विकली, कोणी वाडीत पोहण्याचा तलाव बांधला, याची कादंबरी मला हवीय. ओस पडलेल्या घराची नको, ती लिहून झाली. प्रवीण बांदेकरांनी ‘चाळेगत’मध्ये दक्षिणेकडच्या कोकणाचं असं काही मांडलंय म्हणतात. ते पाठव. आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्याचं कोणी लिहिलं असेल तर तेही शोध.

कवितेचं विचारू नकोस. अनुराधा पाटलांचं ‘कदाचित अजूनही’ हिने घेतलं, उशाशी ठेवलंय, मला हात लावू देत नाही. तिचं मत ती स्वतंत्र लिहील.

पुढच्या गठ्ठ्याबद्दल. यश कसं मिळवावं, सकाळी किती वाजता उठावं, असली पुस्तकं मेहुण्यांच्या ऑफिसात भेट आलेली असली तरी इकडे ढकलू नकोस, मी पाचला उठतो. शं. गो. तुळपुळ्यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ मिळालं तर बघ, पुणे विद्यापीठाने 1963 साली छापलेलं. आपल्या दिवेआगरला सापडलेला शके 982चा मराठी ताम्रपट, म्हणजे 1060 सालचा, त्यात नीट वाचायला मिळेल. गावात सोन्याच्या गणपतीची गोष्ट पोराटोरांना पाठ आहे, या तांब्याच्या पत्र्याची चार माणसांना नाही. किंमत जास्त सांगितली तरी घे, पैसे पाठवतो. ‘माझा प्रवास’ आणि ‘शोध’ सुपारीच्या पोत्याबरोबर परत येतील. ‘रिंगाण’ येणार नाही, तू दुसरी प्रत घे.

मेहुण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
भाऊ