तिसरी भाकरी

प्रवासात चांगलं जेवण मिळणं हा पत्रिकेतला योग असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या पत्रिकेत तो नाही. ज्या खानावळीपुढं गाड्यांची रांग लागलेली असते तिथं मी पोचेपर्यंत भात संपलेला असतो; आणि जिथं भात असतो तिथं तो का उरला आहे, हे पहिल्याच घासाला कळतं. म्हणून प्रवासाला निघताना दशम्यांचा डबा बरोबर घ्यायचा, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

2011 सालच्या जुलैत तो रिवाज मोडला. रत्नागिरीला भाचीच्या मुलाचं बारसं आटोपून आम्ही उभयता कोल्हापूरला परत निघालो होतो. हातखंबा गेला, पाली गेली, नाणीज गेलं. साखरपा मागं पडल्यावर मी हळूच डब्याची चौकशी केली. डबा भाचीच्या ओट्यावरच राहिला होता. तो मी घेतला असेल असं सौभाग्यवतींना वाटलं होतं, आणि त्यांनी घेतला असेल असं मला. संसारातल्या पुष्कळ गोष्टी अशाच राहून जातात.

त्यात आंबा घाटाच्या तोंडाशी एक जुनं झाड रस्त्यावर आडवं झालेलं. पाऊस मुसळधार. झाड तोडून वाट मोकळी व्हायला तीन तास तरी लागतील, असं पुढच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. पोटात कावळे ओरडू लागले. रस्त्याच्या कडेला एक टपरी दिसली. पुढं चहाचा स्टोव्ह, मागं घर. शिरलो.

"मावशी, काही खायला मिळेल का?"

मावशींनी आमच्याकडं पाहिलं, मग आत पाहिलं. जरा थांबून म्हणाल्या, "बसा. भाकरी थापते. भाजी नाय, कुळथाचं पिठलं हाय."

लाकडं ओली होती. फुंकणीनं फुंकून फुंकून त्यांनी चूल पेटवली. तांदळाच्या पिठाला अंगची चिकटण नसते, म्हणून आधी उकळत्या पाण्यात त्याची उकड काढावी लागते. ती मळून त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि निखाऱ्यावर धरली. भाकरी टम्म फुगली. पिठलं पातळ होतं; ठेचलेल्या लसणीची फोडणी, दोन हिरव्या मिरच्या, दोन आमसुलं. एवढंच. पण बाहेर पाऊस कोसळत असताना त्या वाफाळत्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि मी डोळे मिटले. सौभाग्यवती स्वयंपाकाच्या बाबतीत दुसऱ्या बाईचं कौतुक सहसा करीत नाहीत. त्यांनीसुद्धा कृती विचारून घेतली!

आतल्या उंबऱ्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. आमचं जेवण होईपर्यंत ती जागची हलली नाही. शहरातल्या माणसांचं मुलांना कुतूहल असतंच. मी तिच्याकडं पाहून हसलो आणि तिसरी भाकरी मागितली. पिठल्याची वाटीही पुन्हा पुढं केली. मावशींनी पातेलं तिरपं करून वाढलं.

पैसे पन्नास झाले. मी साठ दिले, आणि स्वतःला कर्ण समजत गाडीत जाऊन बसलो.

कोल्हापूरला आल्यावर त्या टपरीचा मी जो गाजावाजा केला, त्याला तोड नाही. कोलंबस 1492 साली पलीकडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तिथं माणसं पिढ्यान् पिढ्या नांदत होती; पण शोध लावणाऱ्याला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत. मी त्याच पंथातला. कचेरीत सांगितलं, गल्लीत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला कागदावर नकाशा काढून दिला. "माझं नाव सांगा," हे वर होतंच.

त्यानंतर मी स्वतः त्या वाटेनं गेलो तो 2015 सालच्या मे महिन्यात. टपरी ओळखू येईना. वर नवे पत्रे, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर रंगवलेला फलक: मिसळ, पुरीभाजी, पनीर मसाला. गल्ल्यावर बारा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी तोंडी हिशेब करून सुटे पैसे परत देत होती. फलकावर कुळीथ कुठंच नव्हतं.

"ते आता ठेवत नाय, दादा," मावशी म्हणाल्या.

माझा तोल गेला. "अहो, पण तेच तर तुमचं खरं होतं! या पनीरनं सगळं बिघडवलंत तुम्ही!" चार गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

मावशींनी पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसल्या. "दादा, तवा आमी जेवण इकत नव्हतो. नुसता चा व्हता. पावसानं आठ दिस गिऱ्हाईक नव्हतं. वाटीभर पीठ राह्यलं व्हतं, त्याचं पिठलं रातच्यासाठी केलं व्हतं. तुमी भुकेलेले आलात, मंग नाय कसं म्हननार? पन तुमी सांगितलंत म्हनून पुढं मानसं यायला लागली. ही साळंत जाते ती त्याच्यावरच."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट आभारच मानीत होत्या. मी गल्ल्याकडं पाहिलं. त्या दिवशी उंबऱ्यावर बसलेली ती मुलगी आमच्याकडं पाहत नव्हती. पातेल्याकडं पाहत होती.

मी खाली मान घालून पनीर मसाला मागितला. मावशी हसल्या, आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात भाकरी होती आणि वाटीत कुळथाचं पिठलं. "आमचं घरचं हाय. घरचं आता इकत नाय," त्या म्हणाल्या. चव तीच होती. पहिल्या घासाला मात्र घशात काहीतरी अडकलं.

"आजून एक वाढू?"

आत पातेलं किती भरलेलं आहे ते मी आधी मान लांब करून पाहिलं. चांगलं काठोकाठ होतं. मग "वाढा" म्हणालो.

त्या जागेचा पत्ता मी अजूनही लोकांना देतो. फक्त नकाशा काढून झाला की खाली एक ओळ लिहितो: तिथं गेल्यावर पनीर मागा.