हरणाआधी माणसांचा माग

बोरिवलीच्या जंगलात हरणाचा माग काढायचा तर आधी माणसांचा काढावा लागतो. पहाटे फिरायला येणारे कुठवर जातात, कान्हेरीच्या बसचा आवाज कोणत्या वळणापर्यंत पोचतो, रविवारी डबे घेऊन आलेली कुटुंबं कुठल्या सावलीला बसतात, हे ठाऊक नसेल तर खुरांचे ठसे वाचता येऊनही फारसा उपयोग नाही. हे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. मुंबईच्या मानाने अफाट, पण सांबराच्या मानाने दाटीवाटीचंच. भोवती शहर, आणि आत दर आठवड्याला गर्दी.

माझे आजोबा संगमेश्वरकडचे. त्यांच्या तरुणपणी गावात हाक्याची शिकार असे. ठासणीच्या बंदुका घेतलेले खिंडीत दबा धरून बसायचे आणि बाकीचे डबे बडवत रान उठवायचे. आजोबांना नेमबाजांचं फारसं कौतुक नव्हतं. ते नाव काढायचे एका म्हाताऱ्याचं, ज्याने आयुष्यात बार काढला नव्हता, पण हाका झाला की जनावर कोणत्या घळीतून निसटणार हे तो आदल्या दिवशी सांगायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. बंद झाली तेच बरं झालं, यात मला शंका नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या विद्येवर कायद्याने बंदी घातलेली नाही, आणि सांताक्रूझच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला बंदुकीपेक्षा तिचंच वेड जास्त लागलं.

बोरिवलीत दर रविवारी हाका होतो, फक्त तो कोणी मुद्दाम घालत नाही. सकाळी फाटकातून माणसांचा लोंढा आत शिरतो, आणि सांबरं उठून आतल्या घळींकडे सरकतात, दाट कारवीत शिरतात. सोमवारी उद्यान बंद असतं. मंगळवारी सकाळी रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत सांबराचा ठसा सापडला, तर तो बहुधा त्या सुट्टीच्या निवांतपणाचा असतो. चितळांचं वागणं नेमकं उलटं. संध्याकाळ उतरली की ती कर्मचाऱ्यांच्या वसाहतीच्या आसपास, दिव्यांच्या उजेडालगत येऊन बसतात. बिबट्या माणसांपासून थोडं अंतर राखून असतो, आणि ते अंतर चितळांनी बरोबर जोखलेलं आहे. एकाच जंगलातली ही दोन हरणं. माणूस एकाला हाका वाटतो, दुसऱ्याला कुंपण. सुरुवातीला मी दोघांनाही एकाच पद्धतीने शोधत असे.

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर माचाण बांधून प्राणी मोजतात. त्या रात्रीची मजा मी नाकारत नाही. चांदणं असतं, पाणी आटलेलं असतं आणि जनावर आपल्याकडे चालत येतं. पण एका जागी बसून कळतं ते त्या जागेबद्दल. हरणाबद्दल कळायचं तर त्याच्या ताटामागे फिरावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा पडतो, तो चितळं वेचून खातात. पुढे मोह. वर वानरांची टोळी असली तर खाली चितळं हमखास, कारण वानरं खातात त्याहून सांडतात जास्त. एखादं उंबर पिकलं की आठ-दहा दिवस सगळी वर्दळ तिकडे. पावसाळ्यात तर चारा जिकडेतिकडे, आणि माग जवळजवळ तुटतो. म्हणून मी ठरावीक जागा धरत नाही. धरून जाणार तरी कुठे? परवानगी ठरलेल्या पायवाटांची, सोबत वाटाड्या हवाच, आणि वाट सोडायची नाही. त्या मर्यादेत जेवढं फिरता येईल तेवढं.

आमचे वाटाडे काका पाड्यावरचे, वारली. ठसा दिसला की मी फूटपट्टी काढायचो, ते उकिडवे बसायचे. एकदा शिलोंड्याच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाशी, त्यांनी मला एकाच ठशापाशी बराच वेळ बसवून ठेवलं. ठसा मोठा, पुढून गोलसर, म्हणजे सांबर. चितळाचा लहान आणि टोकदार असतो. एवढं मलाही येत होतं. काकांनी काडीने कड दाखवली. मातीची धार अजून उभी होती, ऊन लागून ढासळली नव्हती. दोन्ही खूर फाकलेले, मागे उपखुरांची दोन टिंबं उमटलेली. पुढचा ठसा नेहमीपेक्षा लांब, आणि त्याने चिखल मागे उडवलेला. बाजूला लेंड्या, वरून ओलसर चमकणाऱ्या, एका ढिगात नव्हे तर ओळीने सांडलेल्या.

"आपल्यामुळेच उठलंय," काका म्हणाले. "वारं लागलं त्याला. किती वाजले?"

साडेअकरा वाजले होते.

वाऱ्याचं गणित मला खरं तर घरूनच यायला हवं होतं. मुंबईचं हवामान मोजतात ते कुलाब्याला आणि सांताक्रूझला. आमच्या उपनगराचं नाव रोज बातम्यांत येतं ते तेवढ्यासाठी. २६ जुलै २००५ च्या पावसाचे ९४४ मिलीमीटर आमच्याच वेधशाळेने नोंदवले. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेचा असतो. अकराच्या पुढेमागे तो फिरतो आणि दर्याकडून यायला लागतो, हे आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेले कपडेही सांगतात. बोरिवलीच्या फाटकातून आत जाणारा माणूस पूर्वेकडे चालतो. म्हणजे सकाळी वारा तोंडावर, आणि अकरानंतर तोच पाठीवर. घामाचा, साबणाचा, वडापावचा वास आपल्या पुढे पुढे धावतो. तेव्हापासून मी पहिली लोकल धरतो, खिशात पावडरची छोटी डबी ठेवतो, चिमूटभर हवेत सोडतो आणि अकराच्या आत परतीला लागतो. घळीत पावडर भलतीकडेच जाते. सकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. डोंगरात वेधशाळेचा वारा चालत नाही.

माझा मामेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो आणि तिथे परवाना काढून रीतसर हरणाची शिकार करतो, सरकारी रानात, जिथे कोणीही जाऊ शकतं. त्याच्याशी फोनवर बोलताना मला आजोबांचा म्हाताराच आठवतो. बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. एकमेकांवर गोळी झाडू नये म्हणून सगळे भडक नारिंगी जाकिटात. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही. बहुतेक जण गाडीपासून थोडं चालून बसतात. भाऊ आठवडाभर आधी हिंडून गाड्या कुठे लागतात ते बघतो, आणि उठलेली हरणं ज्या दलदलीत घुसणार तिच्या वाऱ्याखालच्या बाजूला, पाठीवर नेलेलं हलकं माचाण झाडाला बांधतो. दुसऱ्या दिवशी वारा बदलला तर माचाण सोडून दुसरं झाड. त्याच्या शेवटच्या क्षणाशी माझं जमत नाही, ते त्यालाही ठाऊक आहे. पण त्या क्षणाआधीचं सगळं आमचं सारखंच आहे.

एप्रिलअखेर तो लग्नासाठी आला, तेव्हा त्याला शिलोंड्याला नेलं. वाटेलगत सांबराचं गळलेलं शिंग पडलं होतं. त्याने उचलून वितीने मोजलं, बुडाची खडबडीत चकती अंगठ्याने चाचपली आणि सहज पिशवीकडे हात नेला. तिकडे चालतं ते. काका म्हणाले, "ठेवा पाव्हणं. सरकारचं आहे, आणि सरकारच्याही आधी साळिंदराचं." त्याने ते होतं तसं ठेवलं. पुढच्या खेपेला पाहिलं तर शिंगाच्या एका फांदीवर दातांच्या समांतर खोबण्या पडल्या होत्या. मी फोटो पाठवला. भावाचं उत्तर आलं: जागा चांगली आहे, पण तिथे गाड्या कुठे लावतात?