हात राखून

अब्रा नावाचा पोकेमॉन दिवसातले १८ तास झोपतो आणि उरलेल्या वेळात पळून जातो. पहिल्या गेममध्ये सेरुलियन शहराच्या उत्तरेचा पूल ओलांडला की पलीकडच्या गवतात तो भेटतो. बसलेला, डोळे मिटलेले, तोंड कोल्ह्यासारखं. त्याला ना ओरबाडता येतं ना चावता. विद्या एकच अवगत आहे, दिसेनासं होण्याची. आधी दोन फटके देऊन जरा नरम करावं आणि मग बॉल टाकावा असा बेत केलात, तर तुमचा फटका पडायच्या आत स्वारी गायब. आणि चुकून फटका बसलाच, तर जीव इतका नाजूक की पकडण्यासारखं काही उरत नाही. म्हणून समोर आल्या आल्या साधा पोकेबॉल फेकायचा आणि बघत बसायचं. बॉल जमिनीवर पडतो, हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. हिशोब मांडला तर अंगात पूर्ण दम असलेला अब्रा साध्या बॉलमध्ये सापडण्याची शक्यता जेमतेम चारात एक.

या खेळाकडे लांबून बघणाऱ्यांना वाटतं, प्राण्यांच्या झुंजी लावायच्या आणि बलवान असेल तो जिंकणार. तेवढंच असतं तर मी तासाभरात कंटाळलो असतो. पकडायची वेळ आली की गणित उलटं फिरतं. जंगली प्राणी पुरता हरला की बेशुद्ध पडतो, आणि बेशुद्ध पडलेला बॉलमध्ये घेता येत नाही. म्हणजे जिंकलात की हातचा गेला. त्याला थकवायचं, पण पाडायचं नाही. ज्याला लहानाचा मोठा केला तो आग ओकणारा चारिझार्ड या कामी अगदी कुचकामी. त्यानं नुसती फुंकर घातली तरी समोरचा आडवा. इथे हात राखून मारणारा गडी लागतो.

गल्लीबोळात भेटणाऱ्या पिजी-रटाटाच्या बाबतीत हे चुकलं तरी बिघडत नाही, चार पावलांवर दुसरा येतो. पण स्नॉरलॅक्स अख्ख्या गेममध्ये दोनच आहेत, दोघेही रस्ता अडवून घोरत पडलेले. बर्फाचा, विजेचा आणि आगीचा असे तीन पक्षी तर एकेकच. त्यांना एकदा पाडलं की त्या गेमपुरते ते संपले. तिथे दर फटक्याआधी अंगठा बटणावर घुटमळतो.

किती थकवायचं हाही एक प्रश्नच. वर्षानुवर्षं खेळाडूंची समजूत अशी, की एचपीची, म्हणजे अंगातल्या दमाची, पट्टी केसाएवढी उरेपर्यंत मारत राहावं. पुढे लोकांनी पहिल्या गेमचा कोड उसवून बघितला तेव्हा कळलं, की साध्या बॉलसाठी ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आणली की पुरे. ग्रेट बॉल असेल तर निम्म्यावर. त्याखाली मारलेला प्रत्येक फटका फुकट, वर प्राणी हातचा जाण्याची धास्ती. (बॉल हलत असताना खालचा बाण आणि बी बटण एकदम दाबून धरलं की तो उघडत नाही, ही श्रद्धाही त्याच कोडनं मोडीत काढली. मी अजून दाबतो.) पुढच्या गेममध्ये सूत्र बदललं, पण कल तोच राहिला. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर यासाठी एक खास डावच आला, फॉल्स स्वाइप. कितीही जोरानं मारा, समोरच्याच्या अंगात एक एचपी शिल्लक राहतोच. आणि हा डाव शिकणाऱ्यांत कोण, तर सायथर. हातांच्या जागी दोन विळे असलेला उंचापुरा कीटक! राखून मारण्याचं कसब सगळ्यात धारदार हातांकडे द्यावं, ही गेम करणाऱ्याची खोडी मला फार आवडते.

फुशिया शहराच्या सफारीत लढायची मुभाच नाही. ५०० मोजायचे, ३० बॉल घ्यायचे आणि ठरावीक पावलं संपेपर्यंत गवतात हिंडायचं. हातात दोनच गोष्टी, खाऊ आणि दगड. दगड मारला तर प्राणी सापडायला सोपा होतो, पण बिथरून पळतो. खाऊ टाकला तर रेंगाळतो, पण बॉलमध्ये यायला तयार नसतो. चान्सी नावाची गुबगुबीत, पोटाशी अंडं घेऊन फिरणारी बाई इथे क्वचित दिसते आणि दिसली की बहुधा पळते. सफारीतून बाहेर पडताना मी कायम चिडलेला असतो.

मग हात राखणारा गडी आणायचा कुठून? माझ्या टीममध्ये एक फुलपाखरू असतं. कॅटरपी ही अळी पहिल्या गेमच्या ब्लू आवृत्तीत विरिडियनच्या जंगलात पायलीचे पन्नास मिळते. रेडमध्ये तीच शोधावी लागते. सातव्या लेव्हलला तिचा कोश होतो, दहाव्या लेव्हलला त्यातून बटरफ्री बाहेर पडतं. इतक्या लवकर पूर्ण वाढ होणारे जीव या गेममध्ये मोजकेच, आणि म्हणूनच पुढे पुढे ते मागे पडतं. बिल्ले देणाऱ्या जिमच्या उस्तादांपुढे त्याचा निभाव लागत नाही. आगीपुढे, विजेपुढे, बर्फापुढे नांगी टाकतं, आणि दगडापुढे तर विचारूच नका. बहुतेक मुलं त्याला पहिल्या दोन-तीन बिल्ल्यांनंतर कॉम्प्युटरमधल्या बॉक्समध्ये टाकून मोकळी होतात. पण थोडं वाढवलं की त्याला झोपेची पूड उधळता येते. पकडण्याच्या सूत्रात झोपलेल्या किंवा गोठलेल्या प्राण्याला मोठी सूट आहे. विष चढलेला, भाजलेला, लुळा पडलेला असेल तर तिच्या निम्मीही नाही. म्हणजे त्या काळ्या-करड्या चार छटांच्या पडद्यावर दोन ठिपके पंख हलवतात, पूड पडते, समोरचा डुलकी घेतो, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्याच्यावर चारिझार्ड सोडायची भीती वाटत होती तो निमूट बॉलमध्ये येतो.

हा सगळा खेळ किडे पकडणाऱ्या एका मुलाच्या डोक्यातून निघाला आहे. सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा, बालपण टोकियोच्या कडेला माचिदा गावात गेलं. तेव्हा तिथे शेतं होती, डबकी होती, झाडी होती. बाकीची पोरं झाडाच्या सालीला मध फासून भुंगेऱ्यांची वाट बघत. या मुलानं हेरलं होतं, की भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात. तो झाडाखाली दगड ठेवून घरी जाई आणि सकाळी येऊन नुसता दगड उचले. आपल्याकडे काडेपेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडे सांभाळणारी पोरं होती, त्यांच्याच जातकुळीतला हा. पुढे शेतं गेली, डबकी बुजली, त्यावर इमारती आल्या. ताजिरी व्हिडिओ गेमच्या नादी लागले आणि गेम फ्रीक नावाचं हातानं काढलेलं मासिक चालवता चालवता त्याच नावाची कंपनी काढून बसले. १९८९ मध्ये गेमबॉय आला. दोन गेमबॉय जोडणारी केबल बघून त्यांना त्या वायरीवरून इकडून तिकडे जाणारे किडे दिसले. बाकीचे लोक त्या केबलीनं एकमेकांना हरवायचं बघत होते. यांना देवाणघेवाण सुचली. गेम पुरा व्हायला सहा वर्षं लागली. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्या निघाल्या, आणि कुठल्याही एकीत सगळे प्राणी मिळणार नाहीत अशी तजवीज केलेली होती.

झोपलेला भुंगेरा उचलणाऱ्या या माणसानं आणखी एक गोष्ट ठरवून केली. लढाईत पोकेमॉन मरत नाहीत, बेशुद्ध पडतात. गावातल्या दवाखान्यात न्यायचं, नर्सच्या हाती द्यायचं, सूर वाजतो, सगळे ठणठणीत. पैसेसुद्धा पडत नाहीत.

मरण या जगात नाही असं मात्र नाही. लव्हेंडर गावात सात मजली मनोरा आहे, त्यात मेलेल्या पोकेमॉनची थडगी. वरच्या जिन्यापाशी एक भूत आडवं येतं. ते मारोवाक नावाच्या आईचं आहे. गुंडांनी तिला मारलं, तिचं पोर मागे राहिलं. तिच्यावर बॉल फेकून बघा, ती तो चुकवते. साधा टाका, भारीतला टाका, कुठल्याही बॉलनं ती मिळत नाही. सगळे पकडा असा धोशा लावणाऱ्या गेमनं हा एक जीव पकडण्याच्या बाहेर ठेवला आणि तोही आईचा, हे मला मोठ्या लेखकाचं काम वाटतं. दहा वर्षांच्या पोराला हे कळत नाही असं म्हणणाऱ्यानं त्या जिन्यावर पोराचा चेहरा बघावा.

अलीकडे काही जण उलट करतात. २०१० च्या सुमारास एका अमेरिकन खेळाडूच्या चित्रकथेतून नझलॉक नावाचे नियम पसरले: बेशुद्ध पडला तो मेला समजायचं आणि कायमचा सोडून द्यायचा, प्रत्येक भागात पहिला भेटेल तोच पकडायचा, प्रत्येकाला नाव द्यायचं. ताजिरींनी लढाईच्या दाराबाहेर ठेवलेलं मरण लोकांनी स्वतःहून आत आणलं. त्यानं लळा वाढतो हे खरं. मला ते झेपत नाही. खेळून झाल्यावर कोणाचं सुतक पाळत बसायची माझी तयारी नाही.

टीम सहांची. याहून जास्त बरोबर नेता येत नाहीत. बाकीचे कॉम्प्युटरमधल्या बॉक्समध्ये. एका बॉक्समध्ये २०, असे १२ बॉक्स. बॉक्स भरला की नवीन प्राणी पकडताच येत नाही, आधी गावात परत जाऊन बॉक्स बदलावा लागतो. पोरं शाळेत सहांच्या याद्या करतात: एक आगीचा, एक पाण्याचा, एक विजेचा, प्रत्येकाच्या कमजोरीला दुसऱ्याचं बळ. कागदावर फार सुरेख दिसतं. प्रत्यक्षात वाटेत झाड आडवं येतं ते छाटणारा हवा, समुद्र आला की पाठीवर घेऊन पोहणारा हवा, धोंडा ढकलणारा हवा, अंधाऱ्या गुहेत उजेड पाडणारा हवा. ही कामं शिकलेला पोकेमॉन ती विसरू शकत नाही. चारच डाव बसतात त्याच्या डोक्यात, आणि त्यातला एक झाडं छाटण्यात अडकला की तो जन्माचा हरकाम्या. वर्मिलियन गावात एका घरात स्पिअरो देऊन एक बदक घेता येतं, डक्स नावाचं. पंखात कांद्याची पात धरून फिरतं. नाव आधीच्या मालकानं ठेवलेलं, बदलता येत नाही. लढाईत त्याची किंमत शून्य. पण ते झाडं छाटतं आणि मागच्या गावी उडवत नेतं. जगात ज्यांनी ज्यांनी हा गेम पुरा केला त्यातल्या कितीतरी जणांच्या विजेत्या टीमचं ओझं या बदकानं वाहिलं आहे. शेवटच्या लढाईआधी त्याला बॉक्समध्ये ठेवतात आणि फोटोत भलतेच लोक येतात.

आमच्याकडे हा गेम गेमबॉयवर खेळणारे थोडे. परदेशातल्या काकानं आणला तर. बाकी सगळे टीव्हीवरच्या कार्टूनमधून आले आणि कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून खेळले. एम्युलेटरवर एक सोय असते, बॉल फेकायच्या आधी जागच्या जागी सेव्ह करायचं आणि नाही सापडला तर घड्याळ मागे फिरवायचं. म्हणजे चारात एकचा सगळा जीव गेला. आणि केबल नाही. अब्राचा सोळाव्या लेव्हलला कडाब्रा होतो. त्याचा अलाकझाम व्हायला मात्र तो दुसऱ्याला द्यावा लागतो. तसंच मॅचोकचं, ग्रॅव्हलरचं, हॉन्टरचं. एकट्यानं खेळणाऱ्या आमच्या पिढीचे कडाब्रा कडाब्राच राहिले. सेव्ह करून सगळं मिळवता येत होतं, तेवढं देणं सोडून.

२०१६ च्या डिसेंबरात पोकेमॉन गो जिओच्या साथीनं भारतात रीतसर आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरून बॉल फेकू लागले. त्यात जंगली प्राण्याशी लढायचंच नसतं. बोटानं बॉल भिरकावला की झालं. चालणं होतं, चार माणसं भेटतात, चांगलं आहे. पण फटका मोजून मारायची धाकधूक त्यात नाही, म्हणून मी फार टिकलो नाही.

माझा भाचा आता मोबाइलवर तोच जुना ब्लू खेळतो. सिल्फ कंपनीच्या अध्यक्षानं त्याला मास्टर बॉल दिला. हा बॉल गेममध्ये एकच, आणि तो कधी चुकत नाही. मोठी माणसं तो म्यूटू नावाच्या अवघड पोकेमॉनसाठी जपून ठेवतात. कित्येकांचा तर गेम संपतो तरी पिशवीतच असतो. यानं दुसऱ्या मिनिटाला मॅजिकार्पवर फेकला. मॅजिकार्प, म्हणजे ज्याला नुसतं तडफडता येतं तो मासा, कुठल्याही बॉलमध्ये येणारा.

"अरे, त्याच्यावर कशाला?"

"मामा, तूच म्हणालास ना तो कधीच चुकत नाही? मला बघायचं होतं."

आता म्यूटू सेरुलियनच्या गुहेत बसला आहे, लेव्हल ७०. जागा असेल तर भरपूर थकवूनही अल्ट्रा बॉलमध्ये यायची शक्यता शंभरात अडीच-तीन. झोपलेला असेल तर पाच-सहात एक. भाच्याच्या टीममध्ये चारिझार्ड आहे, गॅराडोस आहे (तोच मासा, विसाव्या लेव्हलनंतरचा), सगळे तडाखेबाज. म्यूटू कधी कधी आपली पाळी स्वतःभोवती भिंत उभारण्यात नाहीतर जखमा भरून काढण्यात घालवतो. नेमक्या तेवढ्या वेळात पूड उधळणारं कोणी तरी लागतं, हे त्याला काल पटलं.

"तुझं फुलपाखरू दे ना मला."

केबल नाही म्हटलं. विरिडियनच्या जंगलात जा, तुझ्याकडे ब्लू आहे, अळ्या भरपूर मिळतील. आणि चारिझार्डला पुढे ठेवू नकोस.