दुसऱ्याच्या तोंडचा धीर

संकटात माणूस स्वतःची समजूत घालू लागला की ती फार काळ टिकत नाही. घाबरलेलाही तोच आणि 'घाबरू नकोस' म्हणणाराही तोच. मग विश्वास बसायचा कसा? धीर दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो. ख्रिस्ती उपासनेत गीतांना आणि उपदेशाला जे स्थान आहे, त्याचे मर्म मला इथे दिसते. पौलाने कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रे आणि गीते यांचा संबंध एकमेकांना शिकवण्याशी व बोध करण्याशी जोडला आहे. गाणे देवाकडे जाते, तसे ते बाकावर शेजारी बसलेल्याकडेही जाते. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री स्तोत्रे गात होते, तेव्हा इतर बंदिवान ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. त्या कैद्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या ऐकण्याची नोंद राहिली, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र दुसऱ्याच्या तोंडून येणारा प्रत्येक दिलासा खरा नसतो. 'सगळे ठीक होईल' एवढेच सांगणारी गीते आणि प्रवचने पुष्कळ आहेत, आणि दुःखात असलेल्याला ती अधिकच एकटे पाडतात. ज्या गीतांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना सावरले, त्यांचा उगम बहुधा वेगळाच असतो. शिकागोचे टॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवणारे पियानोवादक होते. १९३२ साली ते सेंट लुइस येथील सभांसाठी गेले असताना पत्नी नेटी बाळंतपणात वारल्याची तार आली. पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्या काळोखात त्यांनी 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत रचले. त्यात या मृत्यूंचा खुलासा नाही, तक्रारीचे उत्तर नाही. थकलेल्या माणसाने प्रभूला हात धरायला सांगितले आहे, एवढेच. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचीही हीच रीत. तिच्यातला मोठा भाग विलापाचा आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातून बाहेर येत नाही. तरीही ते मंडळीच्या गीतसंग्रहात राहिले. ज्याला आज स्तुती करता येत नाही, त्यालाही उपासनेत काही म्हणता यावे, ही सोय त्यामुळे झाली.

गीतातून खरा धीर मिळतो, या म्हणण्याला सर्वांत कठीण आक्षेप इंग्लंडमधल्या ओल्नी गावातून येतो. तिथे जॉन न्यूटन पाळक होते आणि कवी विल्यम कूपर त्यांचा मित्र. न्यूटन आपल्या प्रवचनाला व प्रार्थनासभेला जोडून गीते लिहीत. 'अमेझिंग ग्रेस' हे १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठी तयार झाले, असे अभ्यासक मानतात. दोघांच्या गीतांचा ३४८ रचनांचा संग्रह १७७९ साली निघाला. पण १७७३ च्याच सुरुवातीला कूपरचे मन पूर्ण ढासळले. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे या समजातून तो पुढे खऱ्या अर्थाने कधीच सुटला नाही आणि उपासनेला जाणेही त्याने सोडले. स्वतःच्या कर्त्यालाच जे गीत सावरू शकले नाही, त्यातला धीर खरा कसा मानायचा? मला वाटते, गीत म्हणजे गायल्यावर गुण येणारे औषध, असे धरले तरच हा आक्षेप अखेरचा ठरतो. न्यूटन यांनी त्या काळात कूपरला वर्षभराहून अधिक स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि कूपरची गीते इतर लोक गात राहिले. त्याला जो विश्वास धरवेना, तो मंडळीने त्याच्या वतीने धरून ठेवला. त्याचा आजार यामुळे हलका झाला, असे मी म्हणणार नाही. मनाच्या आजारावर उपचारच हवेत. पण धीर एकट्याच्या छातीत मावत नाही, तो मंडळीने मिळून सांभाळायचा असतो, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा माहीत नाही.

मराठी मंडळीला हे समजायला दूर जावे लागू नये. मिशनऱ्यांनी आणलेली भाषांतरित गीते इंग्रजी चालींवर म्हटली जात होती, त्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे आणि भजने लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले. कीर्तनात उपदेश आणि गाणे यांच्यात भिंत नसते. निरूपण रंगात आले की पद, पदाचे धृपद श्रोत्यांच्या तोंडी, तिथून पुन्हा निरूपण. ऐकणारा नुसता ऐकणारा उरत नाही. रेल्वेच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या करारातल्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना ख्रिस्ताकडे खेचले. पुढे तोच संदेश त्यांनी ज्या छंदात लोक आधीपासून रडत आणि गात होते त्या छंदात ठेवला. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले.

एक आक्षेप मात्र समाजाकडून येतो: अशी गाणी माणसाला अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवतात. कधी कधी तसे झालेही आहे, ते नाकारू नये. पण ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या माँटगमेरीच्या होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी आधी गीत गायले, प्रार्थना केली, मग तरुण पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण ऐकले, आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार चालू ठेवायचे ठरवले. तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोकांनी पायपीट केली ती अन्याय विसरून नव्हे. डॉर्सींचे तेच गीत किंग यांचे आवडते होते. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी ते गायले.

धीर मंडळीने मिळून सांभाळायचा असतो, म्हणूनच उपासनेत मोजके गायक ध्वनिक्षेपकावर गातात आणि बाकी मंडळी उभी राहून ऐकते, ही पद्धत मला खटकते. वाद्यांशी माझे भांडण नाही. पण शेजाऱ्याचा आवाज कानावर पडला नाही, तर शेजाऱ्याचा धीर पोचणार कुठून? पाळकांनी उपदेशाचा उतारा गीते निवडणाऱ्यांना आठवड्याच्या आरंभीच सांगावा, आणि दर रविवारच्या क्रमात विलापाचे एक तरी गीत असावे. नोकरी गेलेला, घरात आजारपण असलेला किंवा नुकतेच कुणाला पुरून आलेला माणूस त्या रविवारीही बाकावर असतो, आणि खोटे न बोलता म्हणता येईल असे एक कडवे त्याला मिळाले पाहिजे.