सुपारीचे खांड

थोर पुरुषांच्या चरित्रग्रंथांत त्यांच्या मोठ्या कार्याची हकिगत सविस्तर असते. ते काय जेवत, काय नेसत, रिकामा वेळ कसा घालवीत, हे मात्र एखाद्या प्रकरणाच्या शेवटी उरकून टाकलेले असते. ही माहिती क्षुल्लक आहे असे आम्हांसही पुष्कळ वर्षे वाटत असे. आमच्या देवळाच्या सभामंडपात दरवर्षी १ ऑगस्ट रोजी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी होते. तसबिरीला हार, एक व्याख्यान, दोन पदे आणि शेवटी फराळ, असा तिचा ठराविक क्रम आहे. काही वर्षांपूर्वी व्याख्यानाची पाळी आमच्यावर आली होती. आम्ही स्वराज्यावर तासभर बोललो. संपल्यावर पुढच्या सतरंजीवरचा एक शाळकरी मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "आजोबा, टिळक रोज काय करायचे?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर म्हणून आमच्या तोंडून आले ते एवढेच, की ते सुपारी फार खात. मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु घरी येताना मनाला काही बरे वाटले नाही.

त्याचे कारण आमच्या घरातच आहे. आमचे आजोबा सीमाभागातील एका खेड्यातले. १९१६ साली वयाच्या विसाव्या वर्षी ते बैलगाडीने बेळगावास गेले आणि १ मे रोजी तेथे झालेले लोकमान्यांचे स्वराज्यावरील भाषण त्यांनी ऐकले. आदल्याच महिन्यात बेळगावी होमरूल लीगची स्थापना झाली होती. त्या भाषणाची आठवण ते शेवटपर्यंत सांगत. परतताना त्यांनी दोन वस्तू आणल्या : एक लोकमान्यांची तसबीर आणि एक पितळी अडकित्ता. तसबीर देवघराबाहेरच्या भिंतीवर लागली आणि अडकित्ता आजोबांच्या कनवटीला. आजी कधी कुरकुरली, तर ते म्हणत, "अगं, खुद्द लोकमान्य खातात!" यावर आजीजवळ उत्तर नसे. साठ वर्षे ती सुपारी चालली. आजोबांचे अखेरचे दुखणे तोंडाचे होते. शेवटचे तीन महिने त्यांना पेजही गिळवत नव्हती. सुपारी कर्करोगास कारण होते, हे आज वैद्यकशास्त्राने निःसंशय सांगितले आहे. तेव्हा ते आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते, आणि लोकमान्यांनाही नव्हते.

मुलाच्या प्रश्नाने ही जखम पुन्हा उघडी झाली. म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही लोकमान्यांची चरित्रे व आठवणी पुन्हा काढून बसलो. या वेळी राजकारण बाजूस ठेवून केवळ त्यांच्या राहणीकडे पाहावे असे ठरविले.

प्रथम दिसले ते त्यांचे शरीर. मुळात प्रकृती काटक नव्हती. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यासाला जवळजवळ रजा देऊन तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत घालविले आणि परीक्षेत नापास झाले. लोकांच्या दृष्टीने वर्ष वाया गेले. परंतु पुढे तुरुंगाची वर्षे सोसली ती त्याच वर्षाच्या ठेवीवर. गणिताचा नाद त्यांना विद्यार्थिदशेपासून होता आणि ज्योतिषगणित हा तर विरंगुळाच होता. 'ओरायन' (१८९३) आणि 'आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) ही दोन्ही पुस्तके त्या विरंगुळ्यातून निघाली. उन्हाळ्यात सिंहगडावरील बंगलीत जाऊन राहावे, वाचावे, लिहावे, हीच त्यांची चैन.

पोशाख सर्वांच्या परिचयाचा आहे : लाल पुणेरी पगडी, अंगरखा, उपरणे, धोतर आणि पुणेरी जोडा. घरी तर धोतर व उपरणे एवढेच. १९१८ ते १९१९ या काळात चिरोल खटल्याच्या निमित्ताने ते विलायतेस होते. लंडनमधील हौली प्लेस या गल्लीत दहा नंबरच्या घरात त्यांचे बिऱ्हाड होते. थंडीसाठी अंगावर जाड कोट चढला, पायांत बूट आले; डोक्यावरची पगडी मात्र तीच राहिली. शाकाहारही सुटला नाही. हवामानापुढे जेवढे नमावयाचे तेवढे नमले, त्यापलीकडे नाही.

आहाराच्या बाबतीत आम्हांस विशेष वाटली ती तुरुंगातील हकिगत. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातील कालवणास कांदालसणाचा वास. तो त्यांना सोसत नसे. म्हणून ते कोरडी भाकर पाण्यात भिजवून खात, असे चरित्रकार सांगतात. वजन झपाट्याने उतरले. पुढे १९०८ ते १९१४ मंडाले येथे तर मधुमेहाने पथ्याचेच अन्न नशिबी आले. लाकडी फळ्यांची कोठडी, फळ्यांच्या फटींतून येणारी धूळ, ऊन आणि पाऊस. सोबतीला स्वयंपाकासाठी दिलेला एक कैदी आणि हळूहळू जमा झालेली शेकडो पुस्तके. तेथे त्यांनी पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. सुटकेनंतर सरकार हस्तलिखित लवकर परत देईना, तेव्हा वह्या त्यांच्याजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असे ते शांतपणे म्हणाले.

येथवर वाचून आम्ही थांबलो. कारण आता एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली होती. त्यांचा साधेपणा हा विरक्ताचा साधेपणा नव्हता. त्यांना पैशाचा तिटकाराही नव्हता. निजामाच्या राज्यात लातूर येथे कापसातील सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यात त्यांची भागी होती. पुण्यात ते कायद्याचा वर्ग चालवीत. १९०५ साली त्यांनी बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा विकत घेतला आणि तेथे बिऱ्हाड व छापखाना आणला. तथापि डेक्कन एज्युकेशन सोसायटीत असताना आजीव सदस्यांनी निर्वाहापुरत्या समान वेतनावर राहावे, बाहेरच्या प्राप्तीची कामे पत्करू नयेत, या तत्त्वावरून वाद झाला, तेव्हा स्वतः उभारलेल्या संस्थेचा त्यांनी १८९० साली राजीनामा दिला. पैसा मिळवावा, परंतु त्याने आपणांस बांधून घेऊ नये, असा हा हिशेब. ज्याच्या गरजा चार, त्याला भीती घालावयास सरकारजवळ फारसे काही उरत नाही.

याचा पुरावा आमच्या आजोबांनी ऐकलेल्या त्याच भाषणाने दिला. बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून वर्षभर सद्वर्तनाची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोटीस बजावली गेली ती २३ जुलै १९१६ रोजी, म्हणजे त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. त्याच दिवशी लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती त्यांनी राष्ट्रकार्यासच देऊन टाकली. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर जिना यांनी बाजू मांडली आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द झाला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे लिहिणे म्हणजे आणखी एक हार होईल. घरच्या माणसांनी या राहणीची किंमत मोजली. लोकमान्य मंडालेस असताना ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई वारल्या. संकटे शांतपणे सोसण्याची आपणांस सवय आहे, परंतु या घावाने आपण हाललो, आणि अखेरच्या वेळी तिच्याजवळ असता आले नाही याचेच दुःख अधिक आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी भाच्याला लिहिले. लग्नाच्या वयाच्या प्रश्नातही त्यांची भूमिका सरळ नव्हती. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत, हुंडा घेऊ नये, उत्पन्नाचा दशांश सार्वजनिक कामास द्यावा, असे नियम सुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी आधी स्वतः पाळावेत असे त्यांनी १८९० साली सुचविले. परंतु पुढच्या वर्षीच्या संमतिवयाच्या कायद्यास मात्र कडाडून विरोध केला. सुधारकांचे त्यावरील आक्षेप आम्हांस आजही रास्त वाटतात.

आणि चहा! १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून पुण्यात जे ग्रामण्य झाले, त्यात टिळकही होते. त्यांनी शास्त्राधारांनी वाद घातला, काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. तरी घरच्या कार्याला भटजी मिळण्याची पंचाईत पडली. आज ज्या देवळांत त्यांची तसबीर आहे, त्या देवळांच्या मंडळींनी ही गोष्ट विसरू नये. एका पेल्यासाठी आपल्याच समाजाने त्यांना वाळीत टाकण्यापर्यंत मजल नेली होती, आणि त्यांनी त्या समाजाला सोडले नाही.

राहता राहिली सुपारी. कागदांत ती सर्वत्र भेटते. 'केसरी'चा मजकूर सांगताना तोंडात खांड असे, बैठकीत पुढ्यात अडकित्ता असे. सहा वर्षांची काळकोठडी ज्याने वाचनालय करून टाकली, त्या पुरुषाचीही एक सवय त्याच्यावर स्वार होती, हे पाहून आम्हांस आजोबांचा राग आला नाही. उलट करुणा वाटली. लोकमान्यांची तालीम, त्यांचा हिशेब, त्यांचा अभ्यास हे सारे अवघड होते. सुपारी सोपी होती. आजोबांनी सोपे तेवढे उचलले आणि त्याला भक्ती म्हटले. आणि आम्ही तरी निराळे काय केले? पंधरा वर्षे देवळाच्या समितीवर असताना पुण्यतिथीचा मंडप, शाली आणि श्रीफळे यांवर दरवर्षी वाढता खर्च मंजूर करणारे हात आमचेच. साधेपणाने राहिलेल्या माणसाची आठवण थाटाने करण्यात काही विसंगती आहे, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

पुढच्या सभेत आम्ही सूचना मांडली की, शाली बंद कराव्यात आणि त्या पैशांत देवळामागच्या जुन्या तालमीचे छप्पर दुरुस्त करावे. बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी यास पुण्यतिथीचा अवमान म्हटले. शेवटी निम्मी रक्कम तालमीला द्यावी असे ठरले. निम्म्या शाली राहिल्या. आम्ही तेवढ्यावर समाधान मानले.

तो मुलगा आता त्या तालमीत पहाटे येतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला नंतर सावकाश दिले, सुपारीसकट आणि आजोबांच्या दुखण्यासकट. त्याने अडकित्ता पाहावयास मागितला. हातात घेऊन दोनदा उघडमीट केली आणि "बराच जड आहे की!" असे म्हणून परत दिला. तो आम्ही तसबिरीखालच्या फळीवर ठेविला आहे.