सीट लहान होते तेव्हा

बाळाचे अंगडे-टोपडे लहान झाले की डोळ्यांना दिसते. मोटारीतली त्याची सीट लहान झालेली मात्र चटकन कळत नाही. आपा शारजाला असते. तिच्या दहा महिन्यांच्या लेकाचे पाय मोटारीच्या सीटच्या पाठीला टेकू लागले, तशी अम्मी फोनवर म्हणाली, "बेटी, आता मांडीवर घे त्याला. तुम्ही सगळे मांडीवरच मोठे झालात."

पण पाय दुमडून बाळ मजेत बसते. बघायचे ते डोके. डोक्याच्या वर सीटचे कवच अडीच सेंटीमीटरही उरले नाही, किंवा लेबलवरचे वजन भरले (बऱ्याच सीटना ते १३ किलो असते), की ती बदलायची. नवी मोठी सीटही आधी मागे तोंड करूनच लावायची, कारण या वयात डोके जड आणि मान कोवळी. मांडीची माया मला मान्य आहे. पण ताशी ५० किलोमीटरवर धडक झाली तर नऊ किलोचे मूल कुणाच्याच हातांत राहत नाही.

अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना सीट सक्तीची आहे. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मुलांना पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. झालेला मी पाहिला नाही. माझ्या वर्गातली मुले अब्बांच्या मोटारसायकलवर चौघे-चौघे येतात, धाकटे टाकीवर. पालकसभेत विषय काढायचा आहे. पण सीट बांधणार कशाला?