तपकिरी फोटोतला चौथा माणूस

गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आम्हा भावंडांना एक जुना फोटो सापडला. फेटे बांधलेले चौघे जण ओळीने उभे. रंग मात्र काळा-पांढरा नाही, तर आजीच्या तपकिरीच्या डबीची आठवण करून देणारा. या रंगाला सेपिया म्हणतात.

सेपिया हा मूळचा ग्रीक शब्द. समुद्रात माकुलाच्या जातीचा एक जीव असतो. संकट आले की तो गडद शाई सोडतो. या जीवाचे नाव सेपिया. त्याच्या शाईने पूर्वी चित्रे काढीत. पुढे तेच नाव तपकिरी फोटोंनाही मिळाले.

फोटो जुना झाला की तपकिरी होतो, असे आम्ही समजत होतो. ते अर्धेच खरे. काही फोटो काळाने पिवळे पडतात. पण पुष्कळ फोटो मुद्दाम तपकिरी केलेले असत. कागदावरच्या चांदीवर गंधकयुक्त रसायनाची क्रिया केली की रंग तपकिरी होतो आणि चित्र अधिक काळ टिकते. आता संगणकावर बटण दाबून आपण नवा फोटो जुना दिसेल असा करतो. पूर्वीचे लोक मात्र फोटो पुढच्या पिढीपर्यंत टिकावा म्हणून हा रंग देत!

आमचा फोटो टिकला. तिघांची ओळखही पटली. चौथे कोण? गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना विचारले. एक काका म्हणाले, "उदगीरकडचे पाहुणे असतील." पूर्वी भालकी आणि उदगीर हे दोन्ही तालुके निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली. सोयरिकी राहिल्या, पण आमच्या घरचे जाणे-येणे कमी होत गेले. आजी असती तर तिने एका नजरेत नाव सांगितले असते. ती होती तेव्हा आम्ही कधी विचारलेच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरी असा फोटो असेल तर आजच आजी-आजोबांजवळ बसा. कोण, कुठले, नाते काय, ते विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. रंग टिकवण्याची सोय आपल्या वडीलधाऱ्यांनी केली. नावे टिकवायचे काम आपले आहे.